कलेची सेवा, बापाच्या खर्चाने

मालिकांमध्ये मी नायिकेची आई असते. कधी सासू, कधी आत्या, बजेट आटलं असेल तर दोन्ही घरांत मिळून एकच काकू. त्यामुळे नट व्हायला निघालेल्या पोरांना मी ओळखीची वाटते आणि त्यांच्या आयांना तर घरचीच. जूनमध्ये निकाल लागले की फोन सुरू होतात. ताई, अभिनयात यायचंय, काय करू? मग प्रश्नांची सरबत्ती. पोर्टफोलिओ कुठे काढू? उंची पाच-दोन आहे, चालेल का? दिल्लीला एनएसडीचा फॉर्म भरू की पुण्यात एफटीआयआयचा? इन्स्टाग्रामवर फॉलोअर्स किती लागतात? सावळा रंग आड येतो का? ओळख लागते का?

पैसे किती मिळतात आणि कधी मिळतात, हे एकही पोर विचारत नाही.

कारण ते विचारणं हलकं असतं, हे त्यांच्या मनावर इथे यायच्या आधीच बिंबवलेलं असतं. कॉलेजच्या तालमीत, बक्षीस समारंभात, आणि सगळ्यात जास्त यशस्वी नटांच्या मुलाखतींमध्ये. दादर स्टेशनवर झोपलो, वडापाववर दिवस काढले, असं नामवंत सांगतो आणि टाळ्या पडतात. त्या दिवसांत तो काम करत होता की नव्हता, करत होता तर त्याचे पैसे कुणाच्या खिशात होते, हे मुलाखत घेणारा विचारत नाही. वडापावच्या जागी जेवणाचं ताट असतं तर तो वाईट नट झाला असता, अशी आपली काहीतरी समजूत आहे.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. मराठी करमणुकीचा धंदा नवख्या नटांच्या आई-बापांच्या पैशांवर चालतो. निर्माता नंतर, चॅनल नंतर, प्रायोजक तर फारच नंतर. पहिला पैसा घालतो तो उदगीरचा शिक्षक, नाहीतर सांगलीचा एसटी कंडक्टर, जो दर महिन्याला पोराच्या खात्यात अंधेरीतल्या एका खाटेचं भाडं टाकतो. श्रेयनामावलीत साड्यांच्या दुकानाचं नाव येतं, दागिन्यांच्या पेढीचं येतं. त्याचं येत नाही.

प्रायोगिक नाटकाचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा. नाट्यगृहाचं भाडं आधी भरावं लागतं, त्याशिवाय पडदा उघडत नाही. लाइटवाला प्रयोग संपला की रोख घेऊन जातो. सेटचा टेम्पो, सेट उतरवणारी माणसं, कपडेपट, पेपरातली चार ओळींची जाहिरात, मध्यंतरातला बटाटेवडा, सगळ्यांचे दर ठरलेले आणि पैसे वेळच्या वेळी. उधारी फक्त एका माणसाची चालते, ज्याला बघायला लोक तिकीट काढून आलेत त्याची. त्याला सांगतात, ‘अरे, आपलंच काम आहे.’ आणि तो खूश होतो. वड्याच्या ठेकेदाराला कुणी ‘आपलंच काम आहे’ म्हणून दाखवावं.

हौसेशी माझं भांडण नाही. पुण्यात १९६३ पासून कॉलेजच्या एकांकिकांचा पुरुषोत्तम करंडक होतोय, भरत नाट्य मंदिरात पोरं घसा फुटेस्तोवर ओरडतायत, त्यातून नट घडलेत आणि घडत राहतील. तिथे पैसे नसतात आणि नसावेत. भांडण पुढचं आहे. कॉलेज सुटतं, पोरगा अठ्ठावीस वर्षांचा होतो, नाटकाला तिकीट लागतं, बालगंधर्वला हाउसफुल्लचा बोर्ड लागतो, तरी त्याला नियम मात्र हौसेचेच लागू असतात. २०२२ साली परीक्षकांनी एकही एकांकिका त्या तोडीची नाही म्हणून पुरुषोत्तम करंडक कुणालाच दिला नाही. काय गदारोळ झाला! लेख, प्रतिलेख, सभा, पिढीचा अपमान. झाला ते बरंच झालं. पण करंडक हुकल्यावर एवढं बोलू शकणारी माणसं मानधन थकल्यावर इतकी सोज्वळ कशी होतात?

व्यावसायिक रंगभूमीवर प्रयोगामागे मिळणाऱ्या मानधनाला ‘नाईट’ म्हणतात, मग प्रयोग दुपारी साडेतीनचा का असेना. तालमीचा महिना-दीड महिना बहुतेक ठिकाणी बिनपैशाचा. म्हणजे नाटक उभं करण्याची मेहनत नटाने फुकट करायची आणि उभं राहिलेलं नाटक चाललं तर त्याला प्रयोगाप्रमाणे पैसे. न चाललं तर? ‘या रविवारी बुकिंग नव्हतं रे, सांभाळून घे.’ धोका निर्मात्याचा असतो असं अर्थशास्त्रात म्हणे शिकवतात. इथे धोका दोघांचा आणि नफा एकाचा. नव्या नाटकाला सरकार प्रयोगामागे अनुदान देतं, ते निर्मात्याच्या खात्यात जातं. बसच्या मागच्या सीटवर, सेटच्या फळ्यांना पाय टेकवून रात्रभर कोल्हापूर-ठाणे प्रवास करणाऱ्या पोराला ते मिळालंय की नाही हेही ठाऊक नसतं.

आता कुणी म्हणेल, नट काय, जन्मजात उपाशीच. साफ खोटं. १८८० ची किर्लोस्कर मंडळी घ्या, १९१३ ची गंधर्व नाटक मंडळी घ्या. मालक कर्जात बुडाले, पण नट पगारी होता. कंपनीच्या बिऱ्हाडात राहायचा, कंपनीच्या पंगतीत जेवायचा. पगार थकतही असेल, पण पगार नावाची वस्तू अस्तित्वात होती. प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आली, तेव्हा तिचे नट महिन्याच्या पगारावर होते. त्याच आवारात आज एफटीआयआय आहे आणि तिथे पोरं फी भरून अभिनय शिकतात.

कंपन्या मोडल्या, त्यानंतरची तीस-चाळीस वर्षं नटाला पोसलं ते नोकरीने. याबद्दल आपण फार कमी बोलतो. अशोक सराफ स्टेट बँकेत होते. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात. निळू फुले पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत. काशिनाथ घाणेकर दातांचे डॉक्टर. श्रीराम लागू १९६९ पर्यंत लोकांचे कान, नाक, घसे तपासत होते. १९७२ चं ‘घाशीराम कोतवाल’ आठवा : दिग्दर्शक जब्बार पटेल मुलांचे डॉक्टर, नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. बँकांच्या नाट्यस्पर्धा होत, कामगार कल्याण मंडळाच्या होत, आणि प्रयोग आहे म्हटल्यावर साहेब हाफ डे द्यायचा, कारण साहेबाच्या बायकोला पास हवा असायचा.

ही माणसं मोठी झाली ती काही पासबुकामुळे नव्हे. पण महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार होता, म्हणून त्यांना भिकार नाटकाला नाही म्हणता आलं. नाही म्हणता येणं ही नटाची अर्धी तयारी आहे. आजच्या पोराला ती चैन नाही. बँकेतली पुष्कळ कामं आता कंत्राटावर गेली, कॉल सेंटरमध्ये शिफ्ट बदलून मागितली की मॅनेजर दुसरं माणूस बघतो. मग उरतो बाप. तीन-चार वर्षं पोसू शकणारा बाप, हीच आज अभिनयाची खरी प्रवेश परीक्षा झाली आहे आणि त्यात गुणवत्तेला गुण नाहीत.

याचा परिणाम पडद्यावर दिसतो. ज्याच्या वडिलांचा पुण्यात फ्लॅट आहे तो टिकतो, ज्याच्या वडिलांची दीड एकर कोरडवाहू आहे तो दुसऱ्या दिवाळीला परत जातो. मग मालिकेत गावरान नायक लागला की कोथरूडचा मुलगा येतो आणि ‘काय करून राहिलास’ आणि ‘काय करतूयास’ यांची भेळ करून नागपूर-कोल्हापूर एका वाक्यात फिरवून आणतो. गावाकडून आलेल्याला त्याच सेटवर नोकर, ट्रॅक्टरवाला, नाहीतर दारुडा. ‘तुझा टोन अस्सल आहे रे,’ असं वर कौतुक. २०१६ साली ‘सैराट’ने अकलूजच्या शाळकरी मुलीला नायिका करून दाखवलं आणि महाराष्ट्र वेडा झाला. त्यातून धंद्याने धडा घेतला तो एवढाच की हिरोच्या हाती बुलेट द्यावी.

बाप पैसे पाठवतो त्या शहरात पोरगा करतो काय, तर ऑडिशन देतो. वर्सोव्याचं आरामनगर ज्याने पाहिलं नाही त्याने एकदा दुपारी बाराच्या उन्हात पाहून यावं. जुने बैठे बंगले, बंगल्यांवर कास्टिंगवाल्यांचे बोर्ड, आणि प्रत्येक भिंतीकडे तोंड करून एकेक जण उभा. सगळ्यांच्या ओठांवर तेच वाक्य : ‘बाबा, मला हे लग्न करायचं नाहीये.’ कुणी रडून, कुणी दात खाऊन. पाठीवरच्या सॅकमध्ये एक इस्त्रीचा शर्ट, एक कुर्ता. गेटवर एक मुलगा खुर्ची टाकून बसलेला असतो, जेमतेम बावीस वर्षांचा. तो आल्यागेल्याकडे मान वर करून बघतो आणि म्हणतो, ‘नॉट फिट.’ काय नॉट फिट? चेहरा, वय, उंची, जात, चपला? सांगायची पद्धत नाही. आत गेलेल्यांनी कॅमेऱ्यासमोर नाव, उंची, फोन नंबर सांगायचा, डावा प्रोफाइल, उजवा प्रोफाइल, मग वाक्य. ‘कळवतो.’ कळवत कुणीच नाही. भाजीवालासुद्धा भाजी संपली तर संपली म्हणून सांगतो. हजारो माणसांना ‘तुम्हाला घेतलेलं नाही’ असा एक मेसेज पाठवायला मोबाइलच्या जमान्यात खर्च तो किती? पण पोरगा लटकलेला राहिला की तो दुसरीकडे तारखा देत नाही. ते सोयीचं पडतं.

हल्ली आणखी सोय झाली. घरूनच सेल्फ टेप पाठवा. म्हणजे कॅमेरा तुमचा, दिवा तुमचा, समोरचे संवाद वाचणारी रूममेट तुमची, आणि मालक बघेल की नाही ते त्याच्या मर्जीवर.

समजा, काम लागलं. घरी पेढे वाटले गेले. आता नव्वद दिवस. मालिकांच्या धंद्यात ही रीत आहे : जानेवारीत काम करा, महिनाअखेरीला बिल द्या, पैसे तिथून नव्वद दिवसांनी, तेही दहा टक्के टीडीएस कापून. म्हणजे जानेवारीतल्या रिक्षाचं भाडं मे महिन्यात निघणार. मधल्या काळात घरमालकाला ‘दादा, नव्वद दिवसांनी’ म्हणून बघा. किराणावाल्याला म्हणून बघा. दूधवाला, मोबाइल कंपनी, कुणीच नव्वद दिवस थांबत नाही, थांबते ती फक्त सगळ्यात कमी पैसे असलेली व्यक्ती. बँकेच्या भाषेत याला बिनव्याजी कर्ज म्हणतात आणि ते एका नवख्या पोरीकडून एक आख्खी कंपनी घेते. कोऑर्डिनेटरचा टक्का वेगळा. मालिका मध्येच बंद पडली तर वसुलीची फेरी वेगळी.

घोडबंदर रोडच्या एका स्टुडिओत मागे घडलेलं सांगते. मेकअप रूममध्ये माझ्या शेजारच्या आरशासमोर नायिकेची मैत्रीण करणारी मुलगी बसली होती. लातूरकडची. डोक्याला पिना लावून घेत होती आणि फोन स्पीकरवर ठेवून अकाउंट्सवाल्याशी बोलत होती. सर, ते मागच्या बिलाचं. ‘मॅडम, प्रोसेसमध्ये आहे.’ सर, तुम्ही गेल्या महिन्यातपण... ‘मॅडम, वरून साइन व्हायची आहे, सोमवारी करा फोन.’ हो सर, थँक्यू सर. थँक्यू! स्वतःच्या मजुरीची आठवण करून दिल्याबद्दल हिनेच आभार मानले. मग तिला ठुशी, मोहनमाळ, वाकी, नथ असा सगळा साज चढवला आणि ती श्रीमंत घरच्या संगीताच्या सीनला गेली. लेहंगा भाड्याचा होता, त्याचं भाडं आगाऊ गेलेलं होतं. संध्याकाळी तिने मेकअप दादांकडून दोनशे रुपये उसने घेतले. दादांच्या मागे त्यांची संघटना आहे. रविवारी ती हळदीकुंकवाच्या ‘खेळ पैठणीचा’ला माईक घेऊन उभी राहणार होती, तिथे नगरसेवकाचा माणूस पाकीट हातात ठेवतो. अभिनयाच्या पैशांपेक्षा तिला त्या पाकिटाचा भरवसा होता.

या उपासमारीवर जगणारा एक जोडधंदाही आहे : अभिनयाची कार्यशाळा. शनिवार-रविवार, दोन दिवसांत नवरस, शेवटी प्रमाणपत्र आणि ‘मालिकेत संधी’. शिकवणाऱ्याला स्वतःला शेवटची संधी कधी मिळाली होती हे विचारायची सोय नसते. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, एनएसडी आहे, गल्लीबोळात निष्ठेने शिकवणारे चार-दोन गुरुजीही आहेत, त्यांना माझा नमस्कार. बाकीच्यांचा धंदा साधा आहे. काम देता येत नाही, तर कामाची आशा विका. इथे मात्र नव्वद दिवस चालत नाहीत, फी आगाऊ.

मुलींचं आणखी एक. ‘कॉम्प्रमाइज’ हा शब्द कास्टिंगच्या मेसेजमध्ये तारीख-वेळ लिहावी इतक्या सहज लिहिलेला मी पाहिलाय. केरळात सिनेमातल्या बायकांच्या छळाबद्दलचा हेमा समितीचा अहवाल २०२४ मध्ये बाहेर आला, तो आपल्याकडे चवीने वाचला गेला, जणू परदेशातली भानगड. लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे, अंतर्गत समिती नेमणं बंधनकारक आहे. तुमच्या सेटवर त्या समितीची नावं कुठे लावली आहेत, विचारून बघा. जेवणाचा मेन्यू लावलेला असतो. आणि ज्या मुलीचे तीन महिन्यांचे पैसे त्याच माणसाच्या सहीवाचून अडकलेत, ती तक्रार कुणाकडे आणि कोणत्या तोंडाने करणार? पैसे अडकवून ठेवण्याचा हा दुसरा फायदा.

करारपत्राबद्दल बोलावं तर ते वाचायला मिळतं हेच पुष्कळ. पहिल्या दिवशी, मेकअप अर्धा झालेला, बाहेर असिस्टंट ‘शॉट रेडी’ ओरडतोय, अशा वेळी वीस-पंचवीस पानी इंग्रजी कागद पुढे येतो : इथे इथे सही करा. आत लिहिलेलं असतं की तुमचं काम सर्व माध्यमांत, आज असलेल्या आणि उद्या निघणाऱ्या, संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी आमचं. विश्वात! मंगळावर मालिका लागली तरी पोराला दमडी नाही. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलाकाराच्या कामाचा व्यावसायिक वापर झाला तर त्याला रॉयल्टीचा हक्क दिला गेला. गायकांनी वर्षभरात संस्था काढली आणि वसुलीला लागले. नट अजून सेल्फी काढतायत. अमेरिकेतल्या नटांनी २०२३ मध्ये ११८ दिवस काम बंद ठेवलं, कारण संगणकाने त्यांचा चेहरा, आवाज वापरला तर पैसे कुणाचे, हाही प्रश्न त्यांना पडला. आपल्याकडे तो चेहरा विश्वासकट आधीच देऊन झालाय. आणि लेखी करार केल्याशिवाय सिनेकामगाराला कामावर ठेवू नका, असा कायदा आपल्या संसदेने १९८१ सालीच केला होता, हे सांगितलं तर दिग्दर्शकही माझ्याकडे वेड्यासारखे बघतात.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं. तुम्हाला बोलावलं कुणी होतं? तुमच्या जागी यायला दारात शंभर उभे आहेत. उभे आहेत, खरंय. ते शंभर उभे राहू शकतात ते त्यांच्या घरचे मनीऑर्डर करतात म्हणून, तुमच्या औदार्यामुळे नव्हे. आणि त्या शंभरांतला सगळ्यात चांगला तुम्हाला मिळत नाही, सगळ्यात जास्त दिवस फुकट थांबू शकणारा मिळतो. मग मालिका बघून लोक म्हणतात, हल्ली नट राहिले नाहीत. राहतील कसे? घरभाडं थकल्यावर ते गेले, उदगीरला मोबाइल रिपेअरिंगचं दुकान टाकून बसलेत.

सरकार म्हाताऱ्या कलावंतांना दरमहा ५,००० रुपये मानधन देतं. देवो. पण तरुणपणी ज्याची मजुरी नियमाने बुडवली, त्याला म्हातारपणी शाल आणि पाच हजार देऊन सन्मान म्हणणं हा निर्लज्जपणा आहे. त्यापेक्षा तरुणपणीची थकबाकी द्या, सन्मान राहू द्या.

म्हणून फोन करणाऱ्या पोरांना माझं उत्तर आता छोटं झालंय. उंचीचं सोड. फॉलोअर्सचं सोड. दिवसाचे किती, कधी मिळणार, तालमीचे मिळणार का, हे पहिल्या भेटीत विचार आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घे. कागद घरी नेऊन वाच, इंग्रजी कळत नसेल तर गावातल्या वकिलाकडे ने. सिंटाचं सभासदत्व घे, ती नटांची संघटना १९५८ पासून आहे आणि तू तक्रार न लिहिता ती तुझ्या बाजूने उभी राहणार नाही. पैसे विचारल्यावर जो माणूस दुखावतो, त्याच्याकडे पैसे नसतात किंवा नियत नसते. दोन्हीकडे आपलं काम नाही.

पण हे सगळं पोरांवर ढकलून मोकळं होणं मला मान्य नाही. नवीन मुलीने तोंड उघडलं तर तिचं पात्र पुढच्या सोमवारी शिकायला पुण्याला निघून जातं, आणि कुणाला पत्ताही लागत नाही. मला मारायचं झालं तर हृदयविकार, आयसीयू, दहावा, तेरावा, फोटोला हार, एवढे एपिसोड लिहावे लागतात आणि चॅनलची परवानगी लागते. आमचं तोंड उघडणं त्यांना महाग पडतं. तेव्हा वडील, आया, सासवा, आजोबा करणाऱ्या माझ्या समस्त सहकाऱ्यांनो, सेटवरच्या नव्या पोराचं बिल नव्वदीच्या पुढे गेलं असेल तर सकाळच्या पहिल्या शॉटला मेकअप रूममधून बाहेर पडू नका. त्याचे पैसे खात्यात आल्याचा मेसेज आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा.